मंजुरीला हरकत घेताना

एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीला विरोध करायचा तर भाषणापेक्षा कागद जास्त उपयोगी पडतो. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार जनसुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी यावी लागते. तेवढ्या वेळात जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन या मूल्यांकनाचा मसुदा अहवाल बघा. मराठी सारांशावर थांबू नका, अडचणीच्या गोष्टी बहुधा परिशिष्टांत दडलेल्या असतात.

पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले ते आधी पाहा. पावसाळ्यात शेतात शिरणारा ओढा अहवालात 'हंगामी नाला' म्हणून एका ओळीत उरकलेला असू शकतो. असं काही सापडलं की पान क्रमांक आणि गट नंबर घालून लेखी हरकत द्या, पोच घ्या. शिक्का नसलेली पोच मी तरी पोच मानत नाही. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, तोवर उठू नका. मुद्दा गाळला असेल तर तिथेच बोला.

प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणी घेतं, मंजुरी देत नाही. 'अ' वर्गातल्या, म्हणजे सहसा मोठ्या, प्रकल्पांचा निर्णय केंद्रीय मंत्रालयाचा, 'ब' वर्गातल्यांचा बहुधा राज्य प्राधिकरणाचा. प्रकल्प तपासून शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीचं इतिवृत्त परिवेश या केंद्र सरकारच्या मंजुरी पोर्टलवर मिळतं. तुमच्या हरकतीचा विचारच न करता शिफारस झाली असेल, तर अपिलात तो भक्कम मुद्दा ठरतो.

अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, ३० दिवसांत. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही. तेव्हा पोर्टल अधूनमधून उघडत राहा. मंजुरीचं पत्र कोणी घरी आणून देत नाही.