हात कामाचे की आजाराचे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, खाली बसलं की उठताना मांड्या साथ देत नाहीत, बोटांच्या कडा चिरल्यात. वर म्हणालास, “फेटलिंगवाल्याचे, ओतीव माल घासून साफ करणाऱ्याचे, हात असेच असायचे, काका.” ते ऐकलं आणि रात्रभर झोप लागली नाही. शिरोलीला फाउंड्रीत असताना मीही हेच म्हणत होतो.

अंगठ्याच्या आणि बोटांच्या कडेला पडणाऱ्या या भेगांना डॉक्टर ‘मेकॅनिक्स हँड्स’ म्हणतात. नावातच कामगार, म्हणून कामगाराच्याच हातावर ही खूण कुणाला दिसत नाही. पण भेगांसोबत मांड्या-खांद्यांतला जोर गेला, कोरडा खोकला, जिन्यावर धाप असं जुळून आलं, तर मायोसायटिस आहे का ते बघावंच लागतं. त्यात अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते, काहींच्या फुफ्फुसांवरही.

यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी-एसजीपीटी वाढलं म्हणून तुला काविळीचं औषध दिलंय. अरे, ही दोन्ही दुखावलेल्या स्नायूंतूनही रक्तात उतरतात! मी त्यापायी चार महिने नुसतं पथ्य पाळलं. आधी सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी कर आणि रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे अशा आजारांच्या तज्ज्ञाला, गाठ.

जाताना एका कागदावर तुझं काम लिहून ने. ‘कंपनीत आहे’ एवढ्याने भागत नाही. ग्राइंडिंग किती तास, वाळूची धूळ किती, कोअर शॉपमधलं रेझिन, थिनर, तोंडाला मास्क होता की नुसता रुमाल, सगळं. 1914 साली एडिंबरोत बायरम ब्रॅमवेल यांनी कातडी ताठरण्याच्या, प्रतिकारशक्ती उलटण्याच्याच जातीतल्या आजाराचे रुग्ण नोंदवले, त्यांत पाथरवट निघाले. 1957 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणीतल्या कामगारांत तेच दिसलं. सिलिकाच्या धुळीवर बोट ठेवता आलं, कारण कुणीतरी रुग्णाचा धंदा विचारला होता. माझं दुखणं वाळूमुळेच, असं छातीठोक कुणी म्हणालं नाही. एकट्या माणसाबाबत ते सांगणं अवघडच. पण धुळीच्या खात्यातून बदलीची चिठ्ठी मिळाली ती त्या कागदामुळे.

स्टेरॉइड सुरू झालं तर तोंड सुजेल, साखर वाढेल. तरी मनाने बंद करू नकोस, एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. रागाच्या भरात राजीनामाही देऊ नकोस. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नोकरीवरच आहे.

तारीख मिळाली की कळव. माझी जुनी फाईल घेऊन मी सोबत येतो.

तुझा,
काका