पार्किंगमधला सॉकेट आधी, गाडी नंतर

प्रश्न : रोज जाऊन-येऊन 44 किलोमीटर पडतात, सगळे शहरातच. टाटाची टियागो ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. 19.2 युनिटची बॅटरी घ्यावी की 24 ची? सोसायटीत स्वतःचं पार्किंग आहे. (चिंचवड)

उत्तर : 24 ची घ्या. एका चार्जमध्ये 315 किलोमीटर हा कंपनीने सुरुवातीला दिलेला, चाचणीतला आकडा आहे. एसी लावून, शहराच्या गर्दीत 190 ते 200 धरून चाला. रोजच्या 44 किलोमीटरला लहान बॅटरीही पुरेल, पण सहा-सात वर्षांनी बॅटरीची क्षमता थोडी उतरलेली असेल, तेव्हा ही शिल्लक कामी येते.

पण बुकिंगचे पैसे भरण्याआधी इलेक्ट्रिशियनला पार्किंगमध्ये बोलवा. तुमच्या मीटरपासून सॉकेटपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या. त्यावर 16 अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की ती तोडणारा स्विच) हवा. जिन्यातल्या दिव्यांच्या लाइनवरून जोड मारून देणारे बरेच असतात, त्यांना साफ नाही म्हणा. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी मात्र बारा-तेरा अँपिअर सलग काही तास ओढते. सॉकेटचा स्क्रू जरासा जरी सैल असला, तरी तिथे उष्णता साठते आणि प्लगची पिन तपकिरी पडते. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल. चटका बसला तर चार्जिंग बंद करून सॉकेटच बदला. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच वापरू नका.

दुसरी नेहमीची अडचण अर्थिंगची. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा गेला, तर चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून मधेच थांबू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा हे हमखास होतं. खड्ड्यात पाणी सोडलं की बहुतेक वेळा भागतं.

एवढं नीट झालं की रोजचं चार्जिंग अडीच तासांत आटोपतं. भिंतीतून सहा-साडेसहा युनिटं जातात, म्हणजे महिन्याला दीडशेच्या पुढे. घरच्याच मीटरवर ती वरच्या स्लॅबमध्ये जातील, म्हणून महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागा.

प्रश्न : खंडाळ्याच्या घाटात टक्के भराभर उतरतात. बॅटरी खराब झाली का? (पनवेल)

उत्तर : नाही. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटरची चढण आहे. चार माणसांसकट गाडीचं वजन दीड टनाच्या आसपास धरलं, तर नुसतं तेवढं वजन वर न्यायला सव्वादोन युनिटं लागतात. 24 च्या बॅटरीत ते जवळपास दहा टक्के झाले. उतरताना त्यातला बराचसा भाग रीजनने (वेग आवरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते) परत मिळतो, पण बॅटरीत जागा असेल तरच! म्हणून लोणावळ्याहून मुंबईकडे निघताना शंभर टक्के भरू नका, 85 वर थांबा. भरलेल्या बॅटरीवर रीजन जवळजवळ लागतच नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

सपाटीला मात्र वेगच रेंज खातो. 80 वरून 100 वर गेलात, की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

प्रश्न : मला गिअर बदलत गाडी चालवण्याची आवड आहे. इलेक्ट्रिक गाडी कंटाळवाणी वाटेल का? शिवाय इथे दमट हवा. (रत्नागिरी)

उत्तर : गिअरची मजा यात नाही, हे मान्यच. पण सिग्नलवरून निघताना मोटरचा सगळा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, आणि बॅटरी तळाशी असल्यामुळे वळणावर गाडी बसून राहते. आवड असणाऱ्याने एकदा वळणाच्या रस्त्यावर ती चालवून बघावीच.

दमट हवेचा त्रास ब्रेकला होतो. रीजनमुळे ब्रेक कमी लागतात, म्हणून डिस्कवर गंज धरतो आणि खरखर ऐकू येते. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही असं पाहून, रीजन शून्यावर ठेवा आणि 50 च्या वेगावरून चार-पाच वेळा जोरात ब्रेक दाबा. गंज घासून निघतो.

प्रश्न : महिनाभर गाडी उभी ठेवायची आहे. (नाशिक)

उत्तर : गाडी चालवणारी मोठी बॅटरी 50-60 टक्क्यांवर ठेवा. अडवते ती 12 व्होल्टची लहान बॅटरी. ती उतरली, की मोठी भरलेली असूनही तिला गाडीशी जोडणारा स्विच, म्हणजे रिले, जुळत नाही आणि गाडी सुरू होत नाही. जाताना तिची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. त्याआधी किल्लीने दार हातानेही उघडतं का, ते बघून घ्या.