नायट्रेट शून्य, तरी शेवाळ का? खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी टाकी ६० × ३० × ३६ सेंमीची आहे, सुरू करून पाच महिने झाले. दोन क्लाउनफिश आणि थोडे मऊ प्रवाळ आहेत. खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ वाढलंय, काही ठिकाणी बोटभर लांब. चाचणीत मात्र नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.०२ पीपीएम (दशलक्षात भाग) येतं. पाण्यात काही नाहीच, तर हे शेवाळ जगतं कशावर?

उत्तर: चाचणी फक्त पाण्यात उरलेलं मोजते, शेवाळाने आधीच घेतलेलं नाही. ताट रिकामं दिसलं म्हणजे कुणी जेवलंच नाही असं होत नाही ना, तसंच हे. एवढं शेवाळ असलेल्या टाकीत शून्य आकडा आला तर त्याचा अर्थ इतकाच, की जे येतंय ते लगेच फस्त होतंय. तेव्हा आकड्याच्या मागे न लागता ते येतंय कुठून हे शोधायचं.

पण आधी शेवाळ हाताने काढा. लांब वाढलेलं शेवाळ गोगलगायी खात नाहीत, त्या आखूड खुंट चरतात. आठवड्याच्या पाणी बदलाच्या दिवशी पंप बंद करा, म्हणजे तुटलेले तुकडे टाकीभर पसरणार नाहीत. ८-१० मिमीच्या नळीने सायफन सुरू करून तिचं तोंड बोटांजवळ धरा आणि शेवाळ मुळाशी चिमटून उपटा. सुटलेला पुंजका तसाच नळीत जातो. जो खडक सहज निघतो, तो टाकीतून काढलेल्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत धरून नव्या टूथब्रशने घासा. अगदी चिवट जागा असेल तर खडक पाण्याबाहेर असताना तेवढ्याच भागावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोनेक मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्यात खडक विसळा आणि परत ठेवा. प्रवाळाला ते लागू देऊ नका. सगळे खडक एकाच दिवशी बाहेर काढू नका. आठवड्याला टाकीचा एक तृतीयांश भाग पुरे.

मग वापरायचं पाणी तपासा. आरओ-डीआयमधून (आरओ गाळणी आणि पुढे उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन) निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ० हवा. नुसत्या आरओच्या पाण्यात १०-१५ टीडीएस सहज राहतो आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट काहीही असू शकतं. रोजची भर त्याच पाण्याने घातली तर ते टाकीत साठत जातं, कारण वाफ होऊन फक्त पाणी उडतं. टीडीएस १-२ दिसू लागला की डीआय रेझिन बदला. ५ होण्याची वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट खाद्य. गोठवलेला क्यूब वाटीत विरघळवा, बारीक जाळीतून गाळा आणि खालचं पाणी फेकून द्या. दोन क्लाउनफिशना अख्खा क्यूब खूपच होतो. मिनिटभरात संपेल एवढंच घाला. फिल्टरचा स्पंज किंवा कापूस तीन दिवसांनी धुवा किंवा बदला, नाहीतर अडकलेला कचरा तिथेच कुजून पाण्यात विरतो.

यानंतर गोगलगायी आणा. टाकी काठोकाठ भरली तर जेमतेम ६५ लिटरची आहे. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी साधारण ५० लिटर उरतं. पुढचा प्रत्येक हिशोब या ५० लिटरवरच करा, औषधांच्या मात्रेचासुद्धा. एवढ्या टाकीला ट्रोकस जातीच्या चार-पाच गोगलगायी पुरतात. उलटल्या तरी त्या स्वतः सरळ होतात. टर्बो जातीच्या भरपूर खातात, पण थोराड असल्यामुळे सुटे प्रवाळ पाडत फिरतात.

फॉस्फेट शोषणारं लोहयुक्त माध्यम तुमच्या टाकीत घालू नका. ०.०२ वरून ते आणखी खाली गेलं तर प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्सना (तपकिरी, चिकट धागे करणाऱ्या सूक्ष्मजीवांना) मोकळं रान मिळतं. ती ब्याद केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी वाईट. दिवा ८ तासांवर ठेवा आणि फरक दिसायला सहा ते आठ आठवडे द्या. खडकांमध्ये मुरलेलं फॉस्फेट हळूहळूच बाहेर येतं.

प्रश्न: पाणी उडून पातळी खाली जाते. भर गोड्या पाण्याची घालायची की खाऱ्या?

उत्तर: गोड्या, म्हणजे आरओ-डीआयच्या. मीठ टाकीतच राहतं. ५० लिटरच्या टाकीतून रोज १ लिटर उडत असेल आणि तुम्ही तेवढंच खारं पाणी घालत असाल तर आठवड्यात २४५ ग्रॅम जादा मीठ पडेल आणि खारटपणा ३५ पीपीटीवरून (हजारात भाग) जवळपास ४० वर जाईल. काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तिथपर्यंत भरा. तीन दिवस राहून गेलं तरी खारटपणा ३७ च्या वर जातो. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. फक्त शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला मीटर ३५ च्या आसपास चुकू शकतो.

प्रश्न: वाळूवर गडद लालसर चादर पसरते. काढली की दोन दिवसांत परत. हे लाल शेवाळ आहे का?

उत्तर: ती बोटाने धरल्यावर सालीसारखी सलग निघत असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. प्रवाह मंद असतो आणि कचरा साचतो तिथे ते धरतात. फॉस्फेट आहे पण नायट्रेट शून्य, अशा टाकीत तर हमखास. चादर सायफनने ओढून घ्या, त्या जागेची वरची अर्धा सेंमी वाळू ढवळून कचराही काढा आणि पॉवरहेडचं (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड तिकडे वळवा. टाकीतला एकूण प्रवाह तासाला पाण्याच्या वीसपट धरा, ५० लिटरला १००० लिटर. वाळू उडायला लागली तर झोत थोडा वर करा. नायट्रेट शून्य असेल तर ५ पीपीएमपर्यंत येऊ द्या. अँटिबायोटिक हा शेवटचा उपाय. चादर एकदम मेली की कुजताना ऑक्सिजन ओढते आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात.

रंग तपकिरी असेल, शेंबडासारखे धागे आणि टोकाला बुडबुडे असतील, रात्री ते कमी होऊन दुपारी परत दिसत असतील, तर डायनोफ्लॅजेलेट्सचा संशय धरा. थोडा नमुना टाकीच्याच पाण्यासह बाटलीत जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा धागे जमले तर बहुधा तेच. तेव्हा वरचे उपाय उलटे करावे लागतात. पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर आणा. ही ओळख न पटवता लोक आणखी पाणी बदलत राहतात आणि प्रकोप वाढतो.

प्रश्न: नायट्रेट ४० पीपीएम आहे. एकदाच ८० टक्के पाणी बदलू का?

उत्तर: नको. नव्या पाण्याचं तापमान, खारटपणा किंवा अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) थोडीही वेगळी असली तर एवढ्या मोठ्या बदलात प्रवाळांना धक्का बसतो. ५० लिटरला १० लिटर, म्हणजे २० टक्के, आठवड्यातून दोनदा असं दोन आठवडे करा. ४० वरून ३२, २६, २० आणि अखेर १६ च्या आसपास याल. मधल्या काळात जी भर पडते ती वेगळी. आठवड्याला नुसतं १० टक्के बदललं तर एका वेळी ४ पीपीएमच उतरतात आणि खाद्य तेवढं परतही आणू शकतं.

मीठ कालवताना पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो, पाणी दुधाळ होतं, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही घटतात. १० लिटरला सुमारे ३७० ग्रॅम घेऊन पंप सुरू ठेवा, काही तासांनी मोजा, ३५ पीपीटी जुळवा. तापमान टाकीइतकं, २५-२६ अंश. अल्कलिनिटी दोन्हीकडे मोजा, फरक १ डीकेएचच्या (अल्कलिनिटीचं एकक) आत हवा.

प्रश्न: शेवाळ मारणारं औषध मिळतं. ते घालू का?

उत्तर: ज्यात तांबं आहे ते अजिबात नको. गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ मरतात. खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात, त्यामुळे नंतरही ते पाण्यात उतरत राहतं.

प्रश्न: माझा फॉस्फेटचा डिजिटल मीटर २० दाखवतो, रंग जुळवायच्या किटमध्ये ०.०६ येतं. खरं कोणतं?

उत्तर: मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात भाग) दाखवत असेल तर दोन्ही. २० ला ३.०६६ ने गुणा, साधारण ६१ पीपीबी फॉस्फेट येतं, म्हणजेच ०.०६ पीपीएम. मीटरची काचेची कुपी प्रत्येक वेळी कोरड्या कापडाने पुसा आणि एकाच बाजूने बसवा. बोटाच्या ठशानेसुद्धा आकडा बदलतो.