जमिनीवरचा मीटर आणि नकाशावरचा मीटर

टोटल स्टेशनने (जमिनीवर कोन आणि अंतर मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र) १००० मीटर दाखवले आणि यूटीएम नकाशावर (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, करून प्रत्येक पट्टा सपाट मांडणारी पद्धत) तेच अंतर ९९९.५१ आलं, तर लगेच यंत्रावर संशय घेऊ नका. यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर (झोनच्या मधोमधची उत्तर-दक्षिण रेषा) स्केल फॅक्टर, म्हणजे नकाशावर अंतर किती पट होतं तो आकडा, मुळातच ०.९९९६ असतो, किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर तिथेच कमी होतात. जागा समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंच असेल तर आणखी साधारण ९ सेंटिमीटर. रेखावृत्तापासून सुमारे १८० किलोमीटर दूर गेलात की स्केल फॅक्टर १ होतो, त्यामुळे तो प्रत्येक कामाला नव्याने काढा. उंचीच्या फॅक्टरने (उंचीमुळे अंतर किती पट होतं तो आकडा) त्याला गुणा, मग त्या आकड्याने जमिनीवरचं अंतर गुणा आणि मगच तुलना करा.

एक कळकळीची विनंती: बसत नाही म्हणून आकृती ओढूनताणून बसवू नका, खरी चूक त्यातच दडून राहते. वापरलेला फॅक्टर, झोन आणि डेटम (मोजमापासाठी धरलेला पृथ्वीचा संदर्भ-आकार) ड्रॉइंगवरच लिहा.