पोपटी खडा पेरिडॉट आहे की काच, आणि अंगठी सैल करायला देताना काय सांगायचं

ताई, गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात घेतलेली पोपटी खड्याची चांदीची अंगठी, विकणारा म्हणाला पेरिडॉट हे रत्न, मैत्रीण म्हणते बाटलीची काच, आणि घट्ट होते म्हणून आता सोनाराकडे द्यायची आहे, शिवाय किनाऱ्यावर तसेच हिरवे तुकडेही वेचलेत, असं तुम्ही लिहिलंय. फोटोवरून कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही, पण पेरिडॉटची एक खूण घरी बसून बघता येते, तेव्हा सोनाराकडे जायच्या आधी हे नक्की करा.

दहापट मोठं दाखवणारं लूप, म्हणजे रत्न बघायचं छोटं भिंग, घ्या, उजेडात उभं राहून खड्याच्या वरच्या सपाट भागातून आत बघा, आणि नजर मागच्या पैलूंच्या कडांवर ठेवा. पेरिडॉट असेल तर एकेक कड दुहेरी दिसते, अगदी लागून दोन रेघा. अंगठी हळूहळू फिरवत बघा, कारण काही दिशांनी त्या रेघा एकावर एक येतात आणि माणूस उगाच काच म्हणून मोकळा होतो. आत शिरलेला प्रकाश दोन वाटांनी जातो म्हणून असं होतं, पेरिडॉटमध्ये त्या दोघांच्या वक्रीभवनांकात (प्रकाश किती वळतो त्या आकड्यात) साधारण ०.०३६ चा फरक असतो, पाचूत तोच ०.००६ च्या आसपास म्हणून तिथे लूपने काही कळत नाही, आणि काचेत फरक नसतोच. काचेत बऱ्याचदा गोल बुडबुडे दिसतात. खऱ्या पेरिडॉटमध्ये कधीकधी कमळाच्या पानासारखी चकती आणि तिच्या मधोमध क्रोमाइट या खनिजाचा काळा ठिपका असतो, तो दिसला तर मला फार आनंद होईल! फक्त हिरव्या टुरमलीन आणि झिरकॉन या दुसऱ्या रत्नांमध्येही कडा दुहेरी दिसतात, म्हणून दुहेरी दिसलं तर काच नाही एवढं पक्कं, पुढचं नाव रत्नं तपासणाऱ्या लॅबकडून घ्या.

पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हिन, मॅग्नेशियम आणि लोहाचं सिलिकेट, आणि हिरवा रंग त्याच्या स्वतःच्या लोहाचा. पाचूचा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या अंशाने येतो, त्यामुळे 'पाचूचाच प्रकार' म्हणून कोणी विकत असेल तर ते चूक आहे. गंमत म्हणजे आपल्या पायाखाली प्रावरणाच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या भागाच्या, वरच्या थरात सगळ्यात जास्त हेच खनिज आहे, पण दागिन्यात बसवण्याइतका स्वच्छ मोठा तुकडा दुर्मिळ. बाकीचं ऑलिव्हिन पोलादाच्या भट्टीत वितळलेल्या धातूवर येणाऱ्या मळीसाठी मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) म्हणून जातं, भट्टीच्या विटांत जातं, आणि ओतकामाच्या साच्यांत वाळू म्हणून, जिथे ते क्वार्ट्झच्या वाळूपेक्षा तापल्यावर कमी फुगतं आणि कामगारांच्या फुप्फुसालाही बरं.

तुम्ही किनाऱ्यावर वेचलेले हिरवे तुकडे मात्र जवळपास नक्कीच झिजलेली बाटलीची काच आहे. ऑलिव्हिन ऊन-पावसात सगळ्यात आधी कुजणाऱ्या खनिजांपैकी आहे, आणि गोव्याचा पाऊस तर आपल्याला माहीतच आहे, इथे दगडाचा जांभा होतो तिथे ऑलिव्हिन काय टिकणार. हवाईत पापाकोलेआला हिरव्या वाळूचा किनारा आहे, पण तिथे शेजारची ज्वालामुखीची टेकडी झिजून ताजा माल सतत पडतो.

हाच नाजूकपणा बोटातही लक्षात ठेवा. कठीणपणा मोह्सच्या १ ते १० मापावर ६.५ ते ७, म्हणजे आपल्या किनाऱ्यांच्या वाळूतलं क्वार्ट्झ त्याला ओरखडे पाडू शकतं, मिरामारला जाताना अंगठी घरी ठेवा. ॲसिडही चालत नाही, कोकमाचं आगळ काढताना किंवा कैरीचं लोणचं घालताना बोटात नको, घामाचाही वर्षानुवर्षं परिणाम होतो. धुवायला कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे.

आता अंगठी. सोनाराला आधीच स्पष्ट सांगा की खडा काढून मगच डाग (म्हणजे तापवून सांधा) द्या. खडा जागेवर ठेवून टॉर्चची ज्योत लावली आणि लगेच गार पाण्यात टाकलं तर एकदम बदललेल्या तापमानाने तडा जाऊ शकतो, आणि नंतर चांदी उजळायला तेजाबात बुडवली तर पैलूंची चकाकीही जाते. अल्ट्रासॉनिक मशीनमध्येही घालू नका म्हणावं. काढून ठेवलेला खडा तेवढ्यात तुमच्या हातात असेल तर त्याच दुकानातल्या कॅरटच्या काट्यावर हवेत आणि पाण्यात टांगून वजन करून घ्या, घनता ३.३ च्या आसपास आली तर पेरिडॉटची शक्यता फार वाढते, साधी काच असेल तर सहसा २.५ च्या जवळ येईल. आकडे आले की इथे टाका, मी बघतो.