‘व्हायरल करणे’ आणि आपलं ईख

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय : ‘व्हिडिओ व्हायरल करणे’ हे बरोबर आहे का, आणि ‘व्हायरल’ला चांगला मराठी शब्द कोणता?

‘करणे’ चूक. साफ चूक. ताप येतो, गोवर निघतो, साथ पसरते; यातलं काही आपण ‘करत’ नाही. व्हिडिओ टाकता येतो, पाठवता येतो, स्टेटसला ठेवता येतो. व्हायरल तो होतो, झाला तर. मागच्या पोळ्याला आमच्या तोरणाखाली एका म्हाताऱ्याने खणखणीत झडती, म्हणजे पोळ्याला म्हणायचं कवन, म्हटली, ती एका पोट्ट्याने मोबाईलवर घेतली आणि बैल घरी परतायच्या आत मला येऊन सांगितलं, “काका, व्हायरल केला!” पाहणारे तेव्हा अकरा होते. बातम्यांत तर ‘हा व्हायरल व्हिडिओ सध्या तुफान व्हायरल होत आहे’ असं रोज ऐकावं लागतं. कान किटतात.

पण त्या झडतीची गोष्ट पुढे आहे. दोन दिवसांत ती खरंच चार तालुक्यांत पोचली. तेव्हा शेजारच्या आजीने पोट्ट्याच्या आईला काळजीने विचारलं, “तुया पोट्टा वायरल झाला म्हनते, डाक्टरले दाखवला का नाई?” पावसाळ्यात आमच्याकडे ‘वायरल’ म्हणजे ताप. ओट्यावरच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही, कारण आजीने शब्द अगदी मुळाशी धरला होता.

मूळ लॅटिनमधलं ‘वीरुस’. अर्थ विष, चिकट विषारी द्रव. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ झाला, म्हणजे त्याआधीचं रूप ‘वीस-’. आता शेजारी संस्कृत ‘विष’ ठेवा. सख्खी भावंडं! पुढे या ‘विष’चं मराठीत ‘विख’ झालं, जसं औषधाचं ओखद आणि हर्षाचा हरिख. त्यातूनच विखार, विखारी. आणि वऱ्हाडात सुरुवातीच्या ‘वि’तला ‘व’ गळून ‘इ’ उरतो : विहिरीची इहीर, विस्तवाचा इस्तो, विचाराचा इचार, तसं विखाचं ईख. म्हणजे पोट्ट्याच्या मोबाईलमधलं ‘वायरल’ आणि आजीच्या तोंडातलं ‘ईख’ एकाच घरचे. ज्याने ‘विषाणू’ हा शब्द घडवला त्यालाही माझा नमस्कार. इतका मुळाला धरून घडवलेला पारिभाषिक शब्द क्वचित सापडतो.

पाश्चात्त्य व्युत्पत्तिकार म्हणतात की या मुळाचा पहिला अर्थ वाहणे, पाझरणे. म्हणोत. आपल्या वैयाकरणांनी ‘विष’ आणला तो ‘विष्लृ व्याप्तौ’ या धातूपासून : जे व्यापतं ते विष. ‘विष्णु’ही त्यांनी याच धातूवरून सांगितला. तुलनात्मक भाषाशास्त्राची मंडळी याला लोकव्युत्पत्ती, म्हणजे नुसत्या साम्यावरून लावलेलं मूळ, म्हणून नाक मुरडतात, पण विषाचं मर्म कोणी ओळखलं ते चरकसंहितेत पाहा. तिथे विषाचे दहा गुण दिलेत. त्यात ‘आशु’ आहे, म्हणजे झपाट्याने जाणारं. ‘सूक्ष्म’ आहे, म्हणजे बारीक वाटांतून शिरणारं. आणि ‘व्यवायी’ आहे, म्हणजे पचायच्या आधीच अंगभर पसरणारं. पचायच्या आधी! तीस सेकंदांचं रील पुरतं पाहून व्हायच्या आत माणूस ते पाच गटांत पुढे ढकलतो, त्याचं याहून नेमकं वर्णन मला कुठे मिळालेलं नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या पोरीचा फोटो फिरला, सगळं असंच न पचता फिरतं. तेव्हा ते ईखच असतं.

म्हणूनच ‘व्हायरल’च्या जागी ‘प्रसृत’ सुचवणाऱ्या पंडितांशी माझं भांडण आहे. पत्रक प्रसृत होतं, कारण ते कोणीतरी मुद्दाम काढलेलं असतं. त्यात लागण नाही, वेग नाही. ‘लोकप्रिय’ त्याहून वाईट. निंदेचा व्हिडिओ कोणाला प्रिय असतो?

मराठी शब्द हवाच असेल तर ‘गावभर झाला’ म्हणा, ‘साथीसारखा पसरला’ म्हणा. नाहीतर ‘व्हायरल’च राहू द्या, तो परका नाही. बोलताना वायरल, लिहिताना व्हायरल. फक्त ते ‘करा’ तेवढं काढा. 2020 साली टिकटॉक बंद झालं तरी आमच्याकडे पोरं अजून रीलला ‘टिकटॉक काढलं’ म्हणतात. ते मला चालतं. ‘काढलं’ हे क्रियापद तरी खरं आहे.