‘गोळ्या गटारात टाकल्या’

प्रश्न : आम्ही तासगावकडचे, द्राक्षबाग आहे. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, औषधांनी बरा होता पण पप्पा म्हणतात कामचुकारपणाची नाटकं आहेत, त्यांनी गोळ्या गटारात टाकल्या आणि आई दर अमावस्येला देवऋष्याकडे नेते. आत्या म्हणते तुझं लग्न ठरेपर्यंत कुठं बोलू नको. मी एकटीच किती पुरी पडू?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं बघ, त्या अशा अचानक बंद झाल्या की आजार पुन्हा उसळतो, म्हणून याच आठवड्यात त्याला सांगलीला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत ने, जुनी चिठ्ठी घेऊन. पप्पांना पटवत बसू नको आत्ता. आईला अंगारा लावू दे की, गोळी चुकली नाही म्हणजे झालं. आणि हे फार जणांना माहीतच नसतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भाऊ सज्ञान असेल तर साध्या कागदावर सही करून तुला उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी नेमू शकतो, वडीलच पाहिजेत असं काही नाही. आत्याचं सोड, लपवून ठरवलेलं लग्न पुढं तुलाच जड जाईल. रात्री-अपरात्री तुला स्वतःला असह्य झालं तरी १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.